एमजीबी, फिनिक्सचा उन्हाळा आणि चढाला तापणारं इंजिन

फिनिक्सकर

राम राम मंडळी. इथे जुन्या गाड्यांचे शौकीन आहेत हे माहीत आहे, म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडे १९७२ ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची उघडी दोन-सीटर. मूळ १७९८ सीसीचं इंजिन, एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर (पेट्रोल हवेत मिसळणारे), पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर बसवलेला. ऑक्टोबर ते एप्रिल गाडी अगदी गुणाची. मे उजाडला की नखरे सुरू. फिनिक्समध्ये भर उन्हाळ्यात दुपारी ४३-४५ अंश ही नेहमीचीच गोष्ट. २०२३ साली तर सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस, किंवा त्याहून वरच राहिलं.

शहरात सिग्नलला काटा मधल्या खुणेच्या जरा वर जातो, गाडी हलली की खाली येतो. खरा त्रास फ्लॅगस्टाफकडे जाणाऱ्या आय-१७ महामार्गावर. फिनिक्स समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आत, फ्लॅगस्टाफ एकवीसशेवर. ब्लॅक कॅन्यन सिटीच्या पुढे चढ लागतो, तिथे 'गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा' अशी सरकारी पाटीच आहे. माझ्या गाडीला एसी नाहीच, त्यामुळे बंद काय करणार! ताशी साठ मैलांनी चढताना काटा सरळ 'हॉट'कडे. हीटर पूर्ण उघडला की थोडा उतरतो, पण मग पाय भाजतात. वर पोचून पेट्रोलसाठी दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होताना कुरकुर, आणि पेट्रोलचा वास.

डोक्यात असं आहे की दोन इलेक्ट्रिक पंखे, ॲल्युमिनियमचा मोठा रेडिएटर आणि ८२ ऐवजी ७४ अंशांचा थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप), सगळं एकदमच करून टाकावं. कुणी केलंय का? पैसे वाया तर जाणार नाहीत ना?

---

घाटवळण

थांबा, क्रेडिट कार्ड खिशात ठेवा. तुमच्या वर्णनातच निम्मं निदान आहे.

तापणाऱ्या गाडीला पहिला प्रश्न एकच: उभी असताना तापते की पळताना? उभी असताना तापली तर हवा कमी पडतेय, म्हणजे पंखा, आच्छादन, बेल्ट वगैरे. पळताना तापली तर पंख्याचा काही संबंध नाही. ताशी साठ मैलांना समोरून येणारा वारा पंख्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. उलट दोन मोठे पंखे जाळीपुढे लावले तर ते त्या वाऱ्याच्या वाटेतच उभे राहतील. तुमची गाडी पळताना, आणि तेही चढावर तापतेय. म्हणजे एक तर पाणी पुरेसं फिरत नाही, किंवा रेडिएटर उष्णता सोडत नाही, किंवा इंजिनच गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय.

आता फिनिक्सचा भाग. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आहे असं धरा. इंग्लंडात २५ अंशांची हवा, फरक ६५. मुंबईत ३३ अंश, फरक ५७. तुमच्याकडे ४५ अंश, फरकही ४५. म्हणजे तोच रेडिएटर, तोच वेग, तरी इंग्लंडपेक्षा तीस टक्के कमी काम. शिवाय ४५ हे सावलीतलं तापमान. तुमच्या डांबराचा पृष्ठभाग उन्हात सत्तर अंशांपर्यंत जातो आणि ही बुटकी गाडी तिथूनच हवा ओढते.

म्हणून ज्या रेडिएटरची वीस टक्के क्षमता गेलीय तो इंग्लंडात कधी तक्रार करणार नाही, फिनिक्समध्ये पहिल्याच चढाला उघडा पडेल. मूळ डिझाइन वाईट नाही. पन्नास वर्षांचा गाळ वाईट आहे.

थर्मोस्टॅटचं: ७४ चा लावल्याने तो लवकर उघडेल, एवढंच. पूर्ण उघडल्यावर ७४, ८२, ८८ सगळे सारखेच. क्षमता कमी पडत असेल तर काटा थोडा उशिरा चढेल, पण चढेलच.

---

बाप्पा_मिस्त्री

फिनिक्सकर भाऊ, तुमची एमजीबी म्हणजे आमच्या अँबेसेडरची मावसबहीण हो! बी-सिरीज इंजिन. अँबेसेडरमध्ये १४८९ सीसी होतं, तेच इंग्लंडात पहिल्या एमजीए स्पोर्ट्स कारमध्ये. मंग बोअर, म्हंजे सिलिंडरचा व्यास, वाढवत वाढवत तुमचं १७९८ झालं. तेच बिडाचं ब्लॉक, तेच बिडाचं हेड. नागपुरात मे महिन्यात ४६ अंशांत आम्ही हीच इंजिनं सांभाळली राजेहो, म्हणून सांगतो.

सगळ्यात आधी ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडा. मागच्या बाजूला असते. बहुतेक लोक फक्त खालचा पाइप काढते आन् म्हणते पाणी बदललं. ब्लॉकमधलं जुनं पाणी तसंच राहते. कॉक उघडल्यावर पाणी नाही आलं तर घाबरू नका, तार घालून टोचा. लाल चिखल निघन. चौथ्या सिलिंडरच्या मागं हा चिखल बसते, अन् तिथंच पाणी सगळ्यात हळू फिरते. मंग नळाचा पाइप लावून उलट्या दिशेनं धुवा, स्वच्छ पाणी येईस्तोवर.

दुसरं, रेडिएटर. गरम झाल्यावर इंजिन बंद करा, पंखा थांबू द्या, अन् कोअरवर, म्हंजे मधल्या नळ्यांच्या जाळीवर, हात फिरवून पाहा. आमच्या जमान्यात हातच होता, तुमच्याकडे तापमान मोजणारी लाल टिकल्यावाली गन आसन. वरून खाली तापमान हळूहळू उतरलं पायजे. मधीच कुठं थंडगार पट्टा लागला तर त्या नळ्या बंद. आमच्याकडे गळका रेडिएटर बंद कराले लोक हळद टाकायचे! गळती थांबायची, अन् दोन उन्हाळ्यांनी नळ्याही थांबायच्या. मंग टाकी उघडून रॉडिंग, म्हंजे नळ्यांत सळई घालून सफाई, करा लागे.

थर्मोस्टॅट काहून ठेवता? काढून फेका. आम्ही एकाही अँबेसेडरमध्ये ठेवला नाही.

---

घाटवळण

बाप्पा, बाकी सगळ्याला +१, थर्मोस्टॅटला मात्र -१.

---

तळेगावचा_तात्या

थर्मोस्टॅट काढला की पाणी इतक्या वेगाने पळतं की रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळच मिळत नाही, असं माझा मेकॅनिक सांगतो.

---

घाटवळण

तात्या, हे सगळीकडे ऐकू येतं आणि चुकीचं आहे. पाणी बंद वर्तुळात फिरतंय. रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबलं तर इंजिनमध्येही कमी वेळ थांबतं. जास्त प्रवाह म्हणजे एकूण उष्णता जास्तच बाहेर पडते.

तरीही थर्मोस्टॅट ठेवायचा, पण कारण वेगळं. पंप ब्लॉकमध्ये पाणी ढकलतो आणि वर थर्मोस्टॅटचं अरुंद तोंड असतं, त्यामुळे ब्लॉक आणि हेडमध्ये दाब टिकतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपासचं बीड सगळ्यात गरम, तिथे दाब कमी झाला तर पाणी जागच्या जागी उकळून वाफेचे बुडबुडे धरतं, आणि वाफ लोखंडाची उष्णता नेत नाही. काटा बिचारा नॉर्मल दाखवतो आणि हेडला तडा जातो. दुसरं म्हणजे हिवाळ्यात इंजिन तापायलाच वेळ लागतो, आणि थंड इंजिन जास्त झिजतं. नागपुरात हिवाळा किती दिवस असतो ते बाप्पांनीच सांगावं. :)

---

बाप्पा_मिस्त्री

डिसेंबरात आठ अंशांवर जाते हो नागपूर! पण मान्य. टॅक्सीचं इंजिन दिवसभर बंदच होत नव्हतं, म्हणून आमचं चाललं.

---

टेम्सकाठचा

एमजीबी जिथे बनली त्या ॲबिंग्डनपासून जवळच राहतो, त्यामुळे आमच्या भागात ही गाडी अजूनही सर्रास दिसते. कारखाना १९८० साली बंद झाला, पण सुटे भाग अजून मुबलक. आमच्याकडे कशाला तापतेय असं वाटेल, पण १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमध्ये कोनिंग्जबीला ४०.३ अंश झाले तेव्हा इथल्या निम्म्या जुन्या गाड्या रस्त्याकडेला उभ्या होत्या असं क्लबातले लोक सांगतात. निम्म्या हे अर्थातच पबमधलं गणित.

दोन गोष्टी कुणी बोललं नाही.

एक, टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. ठिणगी उशिरा पडली तर जळण सिलिंडरमध्ये संपत नाही, एक्झॉस्ट पोर्टमध्ये जळत राहतं, आणि पोर्टच्या भोवती पाणीच आहे. म्हणजे चाकाला मिळायची ताकद रेडिएटरला मिळते. त्या काळी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांचं ट्यूनिंग धुराच्या नियमांसाठी मुळातच पातळ मिश्रणाकडे आणि मागच्या टायमिंगकडे झुकलेलं असे. त्यावर ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधली वजनं गंजून अडकलेली किंवा व्हॅक्यूमचा पडदा फाटलेला असेल तर बघायलाच नको. व्हॅक्यूमची नळी तोंडात धरून ओढा, आतली प्लेट हलली पाहिजे.

मात्र टायमिंग बघायच्या स्ट्रोब लाइटवर आंधळा विश्वास नको. क्रँकच्या पुलीत बाहेरची कडी आणि आतला गाभा यांच्या मध्ये रबर असतं. ते रबर जुनं झालं की कडी सरकते आणि तिच्यावरची टायमिंगची खाचही. लाइट 'बरोबर' दाखवते, इंजिन प्रत्यक्षात पाच-सात अंश मागे. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून खाच खरंच शून्यावर येते का ते आधी तपासा.

दोन, रेडिएटरच्या आजूबाजूची पत्र्याची भिंत आणि तिच्या कडेच्या फोमच्या पट्ट्या. रंगकाम करताना या पट्ट्या काढतात आणि परत लावत नाहीत. मग समोरचा वारा रेडिएटरमधून जाण्याऐवजी बाजूने आणि वरून पळतो. दहा पौंडांचं काम, अर्ध्या तासात होतं.

आणि जाळीपुढे फॉग लाइट, क्लबाचे बॅज, झालंच तर नंबर प्लेट टांगली असेल तर ती हलवा. ऑइल कूलर तिथे आधीच आहे, तेवढी गर्दी पुरे.

---

मोतीबंदर

बहारीनहून. घरी जॅग्वार ई-टाइप आहे, ४.२ लिटर, पहिल्या मालिकेची. गाडी नवऱ्याच्या नावावर, पाना माझ्या हातात. ई-टाइप १९६१ साली आली तेव्हापासून तापण्यासाठी प्रसिद्ध. १९६८ च्या दुसऱ्या मालिकेत कंपनीने नाकाचं तोंड मोठं केलं आणि एकाऐवजी दोन इलेक्ट्रिक पंखे दिले, यातच सगळं आलं. माझ्याकडे त्रास शहरात, फिनिक्सकरांकडे महामार्गावर. रोग वेगळा, औषध वेगळं. घाटवळणांचं म्हणणं मला पटलं.

महामार्गाच्या रोगात अजून एक संशयित: रेडिएटरचा खालचा होज, म्हणजे रबरी नळी. पंप त्यातून पाणी ओढतो, म्हणजे तो चोखला जातो. रबर मऊ पडलं की जास्त फेऱ्यांना तो चपटा होतो आणि प्रवाह तुटतो. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत हाताला काहीच कळत नाही. बॉनेट उघडून, गरम इंजिन तीन-साडेतीन हजार फेऱ्यांवर धरून कुणाला तरी बघायला लावा. आत स्प्रिंग असलेला होज मिळतो.

रेडिएटरचं झाकणही तपासून घ्या. १० पौंड दाबाचं धड झाकण असेल तर साधं पाणीसुद्धा ११५ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर वाळलेलं झाकण म्हणजे शंभरलाच खेळ खलास. पण १० च्या जागी १५ चं लावून मोकळं होऊ नका. जुना कोअर, जुना हीटर, जुने होज, सगळ्यांवर तो दाब येतो आणि कमजोर असेल ते फुटतं. हीटर फुटला तर पाणी पायांवर.

इलेक्ट्रिक पंखे शेवटी बसवलेतच तर रिले (जास्त करंट झेलणारा स्विच) लावा. तुमच्या १९७२ च्या गाडीचा अल्टरनेटर मूळचा असेल तर तो ३४ अँपिअरचा. दिवे, पंखे, सगळं एकदम चालवून बघा आणि मग ठरवा.

---

काजूफेणी

अवांतर आहे, पण पंख्याचा विषय निघालाच म्हणून. माझ्याकडे गोव्यातच बनलेली सॅन स्टॉर्म आहे, छोटी दोन-सीटर. क्लासिक म्हणायला अजून वेळ आहे म्हणा. फायबरची बॉडी. पंखा कधी फिरायचा, कधी नाही, आणि गाडी मांडवी पुलावरच तापायची. पंखा बदलला, सेन्सर बदलला, काही नाही. शेवटी कळलं अर्थिंगच नीट नाही. लोखंडी बॉडीत वायर कुठेही खिळवली तरी चालते, फायबरमधून वीज परत जात नाही ना! जाड वायर थेट बॅटरीपर्यंत नेली, विषय संपला. लोटस, टीव्हीआर वगैरे फायबरवाल्यांनी हे आधी बघावं.

---

शून्य_पाणी

या सगळ्या कटकटी कशाला? पाणी नसलेलं कूलंट भरा. १८० अंशांपर्यंत उकळत नाही. दाब नाही, गंज नाही. एकदा भरा, विसरा.

---

मोतीबंदर

उकळत नाही हे खरं, पण इंजिन थंडही ठेवत नाही. ग्लायकॉलची उष्णता धरण्याची क्षमता पाण्यापेक्षा बरीच कमी. त्याच रेडिएटरमध्ये इंजिन आधीपेक्षा गरमच चालतं, फक्त आता शिटी वाजत नाही एवढंच. आणि रस्त्यात गळती लागली तर वाळवंटात वरून भरणार काय?

फिनिक्ससाठी माझं मत: डिस्टिल्ड वॉटर ७० टक्के, कूलंट ३०. गोठण्याची फारशी भीती नाही, गंजरोधक मात्र हवंच. हिवाळ्यात फ्लॅगस्टाफला मुक्काम असेल तर पन्नास-पन्नास. नळाचं पाणी नको, फिनिक्सचं पाणी जड आहे, क्षार नळ्यांत बसतात.

---

फिनिक्सकर

मंडळी, भरपूर साहित्य दिलंत! पंख्यांची ऑर्डर थांबवली. शनिवारी पहाटे उठून कामाला लागलो, कारण आठनंतर गॅरेजमध्ये उभंच राहवत नाही.

ब्लॉकचा कॉक उघडला. थेंबही नाही. तार घातली, बाप्पांनी सांगितला तसा लाल चिखल. धुवून काढायला सकाळ गेली.

गन घेऊन रेडिएटर तपासला. डाव्या बाजूचा खालचा भाग जवळपास हवेच्याच तापमानाला. काढून इथल्या एका म्हाताऱ्या रेडिएटरवाल्याकडे नेला. त्याने वरची टाकी उघडून दाखवली: नळ्यांच्या तोंडावर तपकिरी खरपुडी. आधीच्या मालकाने कधीतरी गळती थांबवायची पावडर ओतलेली दिसते. म्हणजे बाप्पांची हळदच, अमेरिकन डब्यातली. त्याने रॉडिंगला नकार दिला, तांबं पातळ झालंय म्हणाला. मूळ टाक्या ठेवून नवा कोअर घालून दिला, नळ्यांची एक ओळ जास्तीची. बाहेरून गाडी जशीच्या तशी.

टायमिंग: टेम्सकाठच्यांची शंका खरी निघाली. पुलीची कडी सरकलेली होती. नवी पुली मागवलीय. तोवर पिस्टनवरून खरा शून्य काढून पांढऱ्या रंगाची खूण केली आणि टायमिंग पुस्तकाप्रमाणे लावलं. रेडिएटर परत बसवून चालवून पाहिली तर गाडी हलकी वाटली, चढ नसतानाही जाणवलं.

फोमच्या पट्ट्या नव्हत्याच. लावल्या.

काल दुपारी ४३ अंशांत आय-१७. थर्मोस्टॅटच्या घरावर सेन्सर चिकटवून नेला होता, कारण काट्यावर विश्वास नाही. पूर्वी त्याच चढावर १०६-१०८ दिसायचे, काल सगळ्यात जास्त ९५. 'एसी बंद करा' ची पाटी हीटर बंद ठेवून पार केली!

उरलं एकच. वर थांबून परत चालू करताना कुरकुर आणि पेट्रोलचा वास, ते तसंच आहे.

---

बाप्पा_मिस्त्री

वा रे पठ्ठे! आता पेट्रोल पंपावर ओला फडका टाका.

---

टेम्सकाठचा

बाप्पा, तो उपाय अँबेसेडर-पद्मिनीला. त्यांचा मेकॅनिकल पंप इंजिनवरच, त्यात पेट्रोलची वाफ धरते, फडक्याने ती बसते. एमजीबीचा पंप इलेक्ट्रिक आणि मागे टाकीजवळ. तो थंडच असतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. इथे तापतात ते कार्ब्युरेटर. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, कार्ब्युरेटर थेट त्याच्या डोक्यावर. गाडी पळत असते तोवर वारा आणि आत येणारं ताजं पेट्रोल त्यांना गार ठेवतं. इंजिन बंद केलं की पंखा थांबला, पाणी थांबलं, आणि मॅनिफोल्डची धग वर. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे त्याच्या छोट्या साठवणीतलं पेट्रोल उकळून आत सांडतं. म्हणून वास. इंजिन बुडालेलं असतं, तहानलेलं नसतं.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यात भर घालतं. आणि वसंतात जास्त त्रास होतो, कारण हिवाळ्यासाठीचं लवकर वाफ होणारं पेट्रोल अजून टाकीत असतं आणि ऊन मात्र आलेलं असतं.

कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्या मधला उष्णतारोधक पत्रा आहे का बघा. त्याच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला अस्तर होतं, ते गळून गेलेलं असतं. जुनं असेल तर खरवडू नका, त्या काळी ॲस्बेस्टॉस वापरायचे. नवा पत्रा घ्या. सोबत कार्ब्युरेटरमागचे उष्णता अडवणारे फिनॉलिकचे (एक कडक प्लास्टिक) जाड ठोकळे शाबूत आहेत का तेही.

---

फिनिक्सकर

पत्रा आहे, अस्तर नाही. नुसता चकचकीत पत्रा. आधीच्या मालकाने पॉलिश केलाय! नवा मागवतो. तोपर्यंत चालू करायची काही युक्ती?

---

टेम्सकाठचा

किल्ली इग्निशनच्या खटक्यावर आणा आणि मागच्या पंपाची टिकटिक ऐका. ती थांबेपर्यंत स्टार्टर मारू नका, तेवढ्यात टाकीतलं गार पेट्रोल पुढे येतं. मग चोक न ओढता ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि स्टार्टर मारा, म्हणजे आत साचलेली वाफ हवेबरोबर निघून जाते. इंजिनने पकडलं की पाय हळूहळू उचला. पाय वरखाली करून काही मिळत नाही, एसयूमध्ये ॲक्सिलरेटर पंप नसतोच.

---

मोतीबंदर

आणि थांबलात की बॉनेट उघडा. लोक जमतात, दोन-चार जण फोटो काढतात, तोवर कार्ब्युरेटर निवतात.

---

तळेगावचा_तात्या

वाचनखूण साठवली. माझी पद्मिनी मात्र उभी असतानाच तापते. वेगळा धागा काढू की इथेच विचारू?

---

घाटवळण

इथेच विचारा. आधी सांगा, बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर किती आत जातो, आणि पंख्याभोवतीचं पत्र्याचं आच्छादन जागेवर आहे की नाही?